एकेचाळिसावं पान

चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून
आमची लायब्ररी: चार कपाटं, एक डुगडुगती खुर्ची
आणि मी, मार्गा टीसेन, दर रविवारी
वरची उपासना सुटल्यापासून कॉफी संपेपर्यंत.

सगळ्यात झिजलेलं कपाट प्रेमकथांचं.
मुखपृष्ठावर गहू, गव्हात एक मुलगी,
बॉनेटची नाडी सुटलेली,
लांबवर एक घोडेस्वार. त्याचं तोंड कधीच दिसत नाही.
आत काय होणार ते आम्हा सगळ्याजणींना पाठ:
जाहिरात वाचून आगगाडीने आलेली नवरी,
बर्फात हरवलेलं वासरू,
देवावर रुसलेला विधुर, जो विसाव्या प्रकरणात गुडघे टेकतो,
आणि चुंबन शेवटून दुसऱ्या पानावर, एकच,
तेही पाद्रीबुवांच्या देखत.
ठाऊक असतं म्हणून तर वाचतो.
सस्कॅचेवानात ऑगस्टमधल्या गारा
कुणाच्या शेतावर पडतील
हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

पण सगळी एकसारखी, त्यामुळे वाचलेलंच पुन्हा घरी जातं.
म्हणून जिची तिची खूण.
नेटा रेम्पेलची फुली सतराव्या पानावर.
सुझाना साठाव्याचा कोपरा चिमटते.
एल्फ्रीडा क्लासेनचा ठिपका एकेचाळीसच्या आकड्याखाली,
पेन्सिलीचा, तिळाएवढा.
मी पाहून न पाहिल्यासारखं करते.
नियम क्रमांक तीन, पुस्तकात काहीही लिहू नये,
माझ्याच अक्षरात दारावर आहे.
माझी खूण कुठे, ते विचारू नका.

एल्फ्रीडा फेब्रुवारीत गेली.
खड्डा खणण्याआधी दोन दिवस
जमिनीवर निखारे ठेवावे लागले.

एप्रिलात अॅल्विन जिना उतरून आला, टोपी हातात,
तिच्याकडे राहिलेली तीन पुस्तकं घेऊन.
उशिराचा दंड सुट्या नाण्यांत मोजला. मी नको म्हटलं.
त्याने नाणी टेबलावर पुन्हा पहिल्यापासून मोजली.
मग कपाटापुढे जाऊन उभा राहिला.
एक काढलं, मधेच उघडलं, ठेवलं.
दुसरं. तिसरं.
कुठलं पान बघतोय ते मला इथून कळत होतं.
म्हणजे त्याला माहीत होतं. या पुस्तकांना
चाळीस वर्षं नाक मुरडणाऱ्या माणसाला!

एका पुस्तकात सहा ठिपके निघाले,
पेरल्यासारखे, एका ओळीत.

माझ्या मते त्या कपाटातलं सर्वात रटाळ पुस्तक.
नायक विहिरी खणणारा, मुखदुर्बळ.
दोनशे पानं तो तिच्या वस्तू दुरुस्त करतो:
फाटकाची बिजागरी, धुराडं, बादलीची कडी.
ती रात्री प्रार्थनेत देवाला विचारते, हा बोलत का नाही?
देवही बोलत नाही.
सकाळी बादलीला नवी कडी असते.

तीन आठवड्यांनी त्याने ते टेबलावर ठेवलं.
"चूक आहे," म्हणाला. "एकशे बारावं पान.
वाळूच्या जमिनीत आतून फळ्या ठोकल्याशिवाय
कुणी वीस फूट उतरत नाही.
पहिल्याच दिवशी गाडला गेला असता."
मी म्हटलं, "गोष्ट आहे, अॅल्विन."
"असेल," तो म्हणाला.
जिन्यापर्यंत गेला, कठड्याला हात लावून थांबला.
"याचा पुढचा भाग आहे का?"

तो गेल्यावर मी एकेचाळीस उघडलं.
सहाच होते. सातवा नव्हता.
आकड्याखालची जागा मात्र जरा मळलेली,
बोट बराच वेळ ठेवावं तशी.

मग एकशे बारा.
समासात, सुताराच्या जाड पेन्सिलीने,
एक विहीर काढलेली, उभा छेद,
चारी बाजूंनी फळ्या, मधे आडव्या टेकण्या,
प्रत्येक खिळा दाखवलेला.
शेजारी मापं, इंचांत.

नियम क्रमांक तीन.
खोडरबर ड्रॉवरमध्येच होता.
वर कुणीतरी कॉफीची किटली घासत होतं.
मी पुस्तक जागेवर लावलं.
खाली उतरू दे त्याला आता, कितीही खोल.