एकच टक्

सकाळचे सहा चाळीस. सिडको, उत्तमनगर.
डिसेंबरनं काचेवर हात ठेवलेला,
आणि किल्ली फिरवली की
टक्.
एवढंच. पुढे काही नाही.

सानप खाली आले मफलर गुंडाळत:
"बॅटरी गेली, लिहून घ्या."
गायधनी म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी.
दूधवाल्या पोरानं तर सायकल भिंतीला टेकवली,
बाह्या वर करून डिकीमागे उभा.
वॉचमन काहीच बोलला नाही,
फक्त बंपरला बांधलेल्या लिंबाकडे बघत राहिला,
वाळून कोळसा झालेल्या.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या खैरनारबाई,
गाऊनवर स्वेटर, स्वेटरवर शाल.
सातपूरला एकोणीस वर्षं स्टार्टर मोटरच्या लाइनवर होत्या.
हे त्या कधी सांगत नाहीत.
त्यांची बोटं अजून तांब्याची तार गुंडाळतात,
सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पदराच्या टोकावर.

"एकच टक्, की टकटकटकटक?"
"एकच."
"नक्की? परत ऐका."
मी परत ऐकलं.
इतक्या बारकाईनं मला
बरेच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं.

दिवे लावायला सांगितले. समोरच्या भिंतीवर
दोन पिवळे गोल, पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीवर.
"आता फिरवा."
टक्.
गोल होते तसेच.
"मंद झाले असते तर बॅटरी. हिला भूक नाही असं नाही,
घास घशात अडकलाय."

तरी आधी फुकटचं करून बघू, म्हणाल्या.
टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी चढलेली;
पान्यानं दोन्ही तारा सोडवल्या, आधी काळी, मग लाल,
खायचा सोडा, पातेलंभर गरम पाणी,
सानपांच्या घरचा जुना टूथब्रश.
बुरशी फसफसली. सगळ्यांना बरं वाटलं.
तारा कोरड्या केल्या, आवळल्या. किल्ली.
टक्.

"आता तरी ढकलू?" दूधवाला.
"ढकल की, होईल चालू," त्या म्हणाल्या,
आणि मग माझ्याकडे वळून,
"पण जिथं चाललात तिथं बंद कराल ना?
तिथं आहे का कुणी, धक्का मारायला?"

मी ओझरला निघालो होतो. भावाकडे.
रात्री अकराला त्याचा फोन आला होता,
एकदाच वाजला.
मी घेईपर्यंत बंद.
परत लावला नाही. लावायचं सुचलं नाही असं नाही.

"बघतो," मी म्हणालो. काय बघतो, कुणास ठाऊक.

त्यांनी जॅकची दांडी मागितली.
गिअर काढून घेतला आहे ना, हँडब्रेक ओढलाय ना,
दोनदा विचारलं. मग बॉनेटमध्ये खोल हात घालून
स्टार्टरच्या अंगावर ठोकू लागल्या,
जोरात नाही, नारळ भरीव आहे का बघावा तसं.
"किल्ली धरून ठेवा. सोडू नका. सोडू नका हो."
टक्.
टक्.
आणि मग ते खरखरत उठणं,
धूर, थरथरणारा आरसा, उडालेलं कबूतर.

सानप म्हणाले, "मी म्हटलंच होतं, कनेक्शन."
खैरनारबाई हात पुसत होत्या.
"ब्रश झिजलेत आतले. आज ऐकलं तिनं,
उद्या ऐकेल असं नाही. द्वारकेला दाखवून घ्या.
तोवर दांडी शेजारच्या सीटवर असू द्या."
चहाला थांबल्या नाहीत. त्यांचं पाणी जाणार होतं.

आडगाव नाक्याला सिग्नल, नव्वद सेकंद.
आजूबाजूच्यांनी इंजिनं बंद केली.
मी नाही केलं.

ओझरला त्याच्या फाटकापुढे
बराच वेळ चालूच ठेवून बसलो.
आत झाडूचा आवाज येत होता.
मग किल्ली उलटी फिरवली. एकदम सगळं शांत.

उतरलो, फाटकाला हात लावला,
तेव्हा दिसलं, हातात दांडी आहे.
परत गेलो, सीटवर ठेवली.
झाडूचा आवाज थांबला होता.