एक्स म्हणजे श

मडगाव, दुसरा मजला. खाली मासळीचे टेम्पो.
मी जुन्या जमीन-नोंदी टॅगांत बसवतोय.
एक उघडा कंस मिटायचा राहिला
की अख्खी फाइल नापास.

निवृत्त कारकून लिबोरियो चष्मा सारून
पडद्यावरचं एक्सएमएल वाचतात: "शेमेल?"
त्यांच्या शाळेत एक्स म्हणजे श.
म्हणून तर काशिनाथ शेटाच्या नावात दोन एक्स,
आणि माझ्या नियमांत तो
तीन वेगवेगळी माणसं.

पुढची नोंद: बारा माड, एक विहीर,
मालक मोझांबिकला. परतल्याची तारीख
कोरी.

मी सांगतो, मानकात सोय आहे:
आत काही नसेल तर टॅग
एका तिरप्या रेघेनं स्वतःच मिटतो.

"बारीक आसा रे," लिबोरियो म्हणतात,
"जरा दाट मार."