मगरीची पावती

कोठी कचेरीच्या भिंतीला टेकून
तेवीस वर्षं अर्ज लिहितोय मी.
लिहितो गुजरातीत, हिशेब मराठीत करतो,
चुकलो की दोन्हीत गप्प बसतो.
पण पाणी म्हणजे काय
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

यंदा विचारलं.
गांधीनगरहून आलेल्या मसुद्यात
कलम दोन, पोटकलम तीन:
घरात नदी शिरली तर तो पूर,
गटार शिरलं तर ते साचणं.
पुराला भरपाई.
साचण्याला सहानुभूती.

हे वाक्य घातलं कुणी, यावर भांडण आहे.
हे म्हणतात, त्यांच्याच दुरुस्तीतून आलं.
ते म्हणतात, आम्ही सभात्याग केला
तेवढ्या वेळात घुसडलं.
दोघांच्या फलकांवर फोटो मात्र सारखाच,
छातीभर पाण्यात उभा असलेला भाऊ,
कपाळावरचा टिळा कोरडा.

सलाटवाड्यातली आमची गल्ली
उजवी बाजू एका वॉर्डात, डावी दुसऱ्या.
यादी म्हणते, उजवीकडे विश्वामित्री आली होती.
डावीकडे गटार.
मधे रस्ता आठ फुटांचा,
त्यातही शब्बीरची हातगाडी उभी.
ती वाहत वाहत उजवीकडून डावीकडे आली
तेव्हा कुठल्या पाण्यावर तरंगत होती
हे शब्बीरला सांगता येईना.
त्याचा अर्ज मी अजून पुरा केलेला नाही.

ताटके तंतुवाद्य, डावी बाजू, खाली दुकान वर घर.
भोपळे, खुंट्या, तारांची भेंडोळी
वर नेता नेता
सोळाव्या फेरीला मनोहरपंत जिन्यात बसले
ते बसलेच.
डॉक्टरांनी लिहिलं, हृदय.
तलाठ्यानं विचारलं, जिना ओला होता का?
शशिकलाबाई खरं बोलल्या:
वरच्या पायऱ्या कोरड्या होत्या.
बुडून मृत्यू, या रकान्यात फुली.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं
आणि गल्ल्याच्या मागे ती सापडली.
वनखात्याची पोरं आली, दोर टाकला,
तोंडाला चिकटपट्टी लावली,
जाताना पावती दिली:
मगर, नग एक, मादी, सात फूट,
सुस्थितीत ताब्यात घेतली.
ठिकाण: ताटके तंतुवाद्य.
शिक्का, सही, तारीख.

शशिकलाबाईंनी ती पावती माझ्यापुढे ठेवली.
"भाऊ, मगर कुठे राहते? नदीतच ना?"
मी खूष झालो. इतका पक्का पुरावा
माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता.
साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले,
मगर नदीचीच, मान्य.
पण ती गटारातून आली नसेल कशावरून?

मग पावतीची झेरॉक्स एका आमदारानं नेली,
सभागृहात फडकवली.
समोरचे हसले. कुणीतरी नक्राश्रू म्हणालं,
दुसऱ्या बाजूनं तोच शब्द परत फेकला,
अध्यक्षांनी तो कामकाजातून काढून टाकला.
विधेयक समितीकडे गेलं.
समितीत अजून एक जागा रिकामी आहे
ती कुणाच्या पक्षाला, ते ठरायचंय.
मधे निवडणूक आहे.

काल शशिकलाबाई परत आल्या.
मूळ पावती घड्यांवर फाटायला आलेली.
म्हटलं, नवा अर्ज? म्हणाल्या, हो,
पण भरपाईचा नको.
वनखात्याला लिहा,
तिला कुठे सोडलं, एवढंच विचारा.

मी पेन उघडलं नाही.
त्या भिंतीकडे बघत बोलल्या,
"दोन रात्री, भाऊ. वर हे, चादर ओढून.
मी उशाशी.
आणि खाली अंधारात कुणीतरी हलायचं,
एखादी तार वाजायची.
वाटायचं, दुकानात आहे कुणीतरी.
भीती नाही वाटली. खरं सांगते.
दिवा घेऊन बघायला गेले असते तर वाटली असती."

प्रति, मा. वनसंरक्षक, वडोदरा,
इथवर लिहिलं.
विषय, या शब्दापुढे थांबलो.
ती ओळ कोरी सोडून
खाली तीन रुपयांचं तिकीट चिकटवलं.