मोजलेली अंडी

एप्रिलात आमच्याकडं आठालाच ऊन मानगुटीवर बसतं,
म्हणून ग्लोरीबाईंनी बजावलं होतं, सहाला या.
पहाटेची उपासना सुटली की लगेच.
उशीर केला तर अंडी लेकरांआधी मुंग्यांना सापडतील.

सुवार्ता मागं, नतू पुढं टाकीवर,
आणि शेजारची तरन्नुम.
तिला कोणी बोलावलं नव्हतं,
पण दोन वेण्या घालून, डालड्याचा डबा घेऊन
ती फाटकाशी उभीच होती.
"काका, मीबी येऊ का?"
चल. सरका गं जरा.

हरभरा निघून गेलेली वावरं. मोहाखाली वाकलेल्या बाया,
एकेक फूल उचलून टोपलीत टाकणाऱ्या.
नतूनं विचारलं, "थ्या बी अंडेच ढुंढून राह्यल्या का?"
हाव, म्हटलं.
फार खोटंही नव्हतं ते.

मिशनचा दवाखाना बंद पडून अकरा वर्षं झाली.
त्याच्या मागं देऊळ, देवळामागं मैदान,
हातपंप अजून कामावर आहे.
काल रात्री बायांनी साठ अंडी उकडली,
कांद्याच्या सालीत काही, काही बिटात, काही हळदीत,
आणि होळीच्या वेळी वाळवून ठेवलेल्या पळसफुलांत
फक्त सहा.
त्या केशरीला दुकानात नाव नाही.

पाळकांनी शिट्टी फुंकली.
होस्टेलच्या पोट्ट्यांनी पहिल्या दोन मिनिटांत
कडुनिंबाच्या ढोल्या, विटांचा ढीग, बंद अँब्युलन्सचं चाक,
सगळं धुऊन काढलं.
सुवार्ताला सात मिळाली, आठव्यावरून भांडण.
तरन्नुमला तीन. तिनं तीही डब्यात झाकून ठेवली,
झाकणावर हात.

नतू भलतीकडंच गेला.
तारेच्या कुंपणाखालून, पलीकडच्या मुरमाड पडीकात,
जिथं लपवायला कोणी गेलंच नव्हतं.
मी मागोमाग. हाक मारणार तेवढ्यात
टिटवी उठली, डोक्यावर घिरट्या घालून
नुसती शिव्या देत सुटली.

तो उकिडवा बसला होता.
खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी,
मातकट, काळे शिंतोडे उडालेली.
"बाबा, याले रंग कोन देल्ला?"
मला उत्तर सुचेना.
हात लावू नको, हेही सुचलं नाही.
त्यानंच पुढं केलेला हात मागं घेतला,
दोन्ही हात पाठीशी बांधले, शाळेत बांधतात तसे,
आणि मोजलं:
एक, दोन, तीन, पाच.

बक्षिसाच्या वेळी ग्लोरीबाईंनी एकेकाला विचारलं.
नतू म्हणाला, "पाच."
टोपली तर रिकामी. कुठं आहेत रे?
"त्यायच्या मायजवळ."
सगळे हसले. पाळक सगळ्यात जास्त.
ग्लोरीबाई हसल्या नाहीत.
पदराखालून त्यांनी एक पळसाचं अंडं काढलं,
कोणासाठी लपवलं होतं कोण जाणे,
त्याच्या मुठीत दिलं.

परतताना तरन्नुमनं कागदातलं मीठ लावून
तिघांतलं एक खाल्लं,
गुलाबी टरफलं वाऱ्यावर माझ्या मानेला लागत राहिली.
बाकीची दोन अम्मीला.
नतूनं आपलं शर्टाच्या आत, पोटाशी धरलं होतं.
"गरम ठेवून राह्यलो," म्हणाला.
उकडलंय ते, हे सांगायला
मी गाडीचा वेग कमी केला, आणि पुन्हा वाढवला.

तिसऱ्या दिवशी उशीखालून वास आला.
त्याच्या आईनं तो झोपेत असताना
पेरूच्या बुडाशी पुरून टाकलं.
उठल्यावर त्यानं उशी उचलली,
दोन मिनिटं पाहिलं,
आणि दात घासायला गेला.

महिन्याभरानं मिशनवर खुर्च्या पोचवायच्या होत्या,
त्याला सोबत नेलं.
कुंपणाखालून तो आधी, मग मी, शर्ट फाडून घेत.
खड्यांमधला खळगा रिकामा.
टरफलसुद्धा नाही.
साप, मुंगूस, की वेळ भरली होती,
मुरमावर काही उमटत नाही.

लांब नाल्याकडं टिटवी ओरडत होती,
यावेळी आमच्यावर नाही.
नतूनं खळग्यात बोट फिरवलं,
उठून चड्डीला हात पुसले.
"पाचई गेले," म्हणाला,
आणि खुर्च्या उतरवायला पळाला.