एकोणीस वाव

बाबांना पोहता येत नाही.
चाळीस वर्षं त्यांनी हा खडक दोरीनं वाचला.
पिकूच्या डोंगराची चोच
चर्चच्या घंटेवर आली, की सोडायचा शिशाचा गोळा.
एकोणीस वावांवर ठक्क.

आज ते होडीत, मी पाण्यात,
मागे फायालहून आलेले दोघे मुरलेले डायव्हर.
नांगराच्या दोराला धरून आम्ही फडफडतो
वाळत घातलेल्या सदऱ्यांसारखे,
इतकी ओढ.

पस्तीस मीटर. माथा.
लाल रंग कधीच वर राहिला,
खरचटलेल्या मनगटातून हिरवं रक्त येतं.
काळं प्रवाळ. कपारीत एक मेरो,
जाडा, संशयी, टपाल कचेरीतल्या कारकुनासारखा.
त्याच्यापुढे कडा तुटतो
आणि निळ्याला तळच नाही.

बेचाळीसवर डोकं हलकं होतं, उगीच हसू येतं,
वाटतं, मेरोला विचारावं, पाकिटं आली का?
पाटीवर पेन्सिलीनं खडक काढते.
घड्याळ ओरडतं.

मग पाच मीटरवर सतरा मिनिटं लोंबकळणं,
रक्तातला वायू निवळेपर्यंत.
वर होडीचं पोट,
बाबा ज्या बाजूला जातील तिकडे कलणारं.

"उत्तरेला दात आहे ना?
माझे तीन नांगर खाल्लेत त्यानं."

पाटीवर नुसत्या रेघोट्या,
कोंबडीनं उकरलेल्या.
सांगणार होते, दात नव्हता,
किंवा असेल, मला आठवत नाही.
पण त्यांनी पाटी घेतली, डोळे मिटले,
अंगठा फिरवला ओल्या रेघांवरून
सावकाश,
आणि एका जागी थांबले.

"इथे," म्हणाले. "इथेच अडकतो."