शनिवारची धुणी

शुक्रवारी रात्री पोरं सामना हरतात,
मला तो शनिवारी सकाळी सातला कळतो.
ओहायोतल्या या शाळेच्या तळघरात
दोन मशीन, एक गळका नळ
आणि जर्स्यांचा ढीग, अजून दमट.

स्कोअर मी विचारत नाही.
आधी सात नंबर उलटा करून बघते.
टोबिन रॉइश. पाठीवर गवताचा हिरवा,
खांद्यापासून कमरेपर्यंत, थरावर थर.
नऊ वेळा तरी पाठ टेकली पोराची.

मग चौऱ्याऐंशी, आयझाया प्रूइट.
मातीचा ठिपका नाही,
फक्त घामाचं मीठ.
म्हणजे कालही तो चाळीस यार्ड एकटाच धावला,
हात वर केला, वळून पाहिलं,
आणि आभाळात दिव्यांखेरीज काही नव्हतं.

पेपरात येतं, रॉइशला नेम नाही.
न्हाव्याच्या दुकानातही तेच.
अहो, नेम धरायला पाय रोवता तर आले पाहिजेत!
बॉल हाती आल्यावर तीन मोजायला मिळाले
तर तो पोरगा सुईत दोरा ओवेल.
मिळतात दीड.

कारण पुढे उभे असतात ते पाच.
त्यांची नावं माईकवर कोणी घेत नाही.
त्यांच्या विजारी मी नीट बघते:
रेटणाऱ्याचे गुडघे मळतात,
रेटला जातो त्याची बैठक.
यांचे गुडघे पांढरे.

टायरचा कारखाना बंद पडला त्या वर्षी
आडव्या हाडाची पोरं
बापांच्या मागे टेनेसीला गेली.
उरली ती ही.
त्रेसष्ट नंबरच्या डोर्सीची जर्सी तर
मी दोन्ही बाजूंनी टाके घालून आत घेतली आहे.

आज तो दारात उभा.
वाटलं, काही विसरला असेल.
"मिसेस सेडलाक, सात नंबर मशीनमध्ये गेला?"
नाही म्हटलं, भिजतोय अजून.

त्याने बाह्या सारल्या,
ब्रश घेतला
आणि रॉइशची पाठ घासत बसला.
खाली मान. फेस हिरवा होत गेला.

गवताचा डाग नुसत्या साबणाला दाद देत नाही,
व्हिनेगर लागतं.
बाटली त्याच्या हाताशी ठेवली
आणि मी दुसऱ्या मशीनचं झाकण उघडलं.