चुकलं माझं, हे सोडून

मृणाली, आधी किल्ली फिरव, इंजिन बंद कर.
चारही दिवे लुकलुकू दे.
मग बोटं मोज.
दहाच निघतील, तरी मोज,
मोजेपर्यंत हात आपले होतात.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
सावद्याच्या अलीकडे, मे महिना, दुपारचे पावणेतीन,
केळीचा ट्रक वखारीकडे वळायला एकदम आडवा झाला
आणि माझ्या गाडीचं नाक त्याच्या मागच्या चाकात गेलं.
काच फुटल्याचा आवाज मला आठवत नाही.
आठवतात ते घड, डांबरावर पडताना,
ओल्या चादरींचे पिळे टाकावेत तसे,
धप. धप.

वाक्य जिभेवर तयार होतं.
भाजीत मीठ कमी, चुकलं माझं.
मामंजींच्या गोळ्या रविवारी संपल्या, चुकलं माझं.
बँकेच्या रांगेत दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला
तरी म्हणणार मीच.
तेवीस वर्षं पर्समध्ये सुट्ट्या पैशांसारखं ते,
कुठेही काढावं, कुणालाही द्यावं.

दार उघडलं तोवर माणसं जमलेली.
आपल्याकडचा रस्ता रिकामा दिसतो, तो नसतो.
"बाई होती वाटतं गाडीवर," कुणीतरी म्हणालं.
दुसऱ्यानं एक घड उचलून सायकलला लावला.
एका म्हातारीनं विचारलं, "लागलं का वं माय कुठी?"
बोलायला तोंड उघडलं, तर तोंडात काचेचा चुरा.
थुंकले.
त्याबरोबर ते वाक्यही पडलं असावं,
नंतर शोधलं, सापडेना.

फोटो काढ. आधी लांबून, मग जवळून.
दोन्ही नंबर, चाकांच्या खुणा, वखारीची पाटी.
मी ट्रकच्या मागच्या दिव्याचाही काढला.
त्यात बल्ब नव्हता.
कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं,
चांगलं दोन खोल्यांचं, वाळलेलं, जुनं.

ट्रकवाला गुमान बारेला, वीस-एकवीसचा,
एका पायात चप्पल.
माझ्यासमोर हात जोडून म्हणाला,
"गलती हो गई, दीदी."
माझंच वाक्य, त्याच्या तोंडात.
गर्दीला तेवढंच हवं होतं. कुणी बाह्या सारल्या,
कुणी त्याची कॉलर धरली.
मी त्याला ओढून माझ्या फुटक्या गाडीत मागे बसवलं,
दारं लावली, पाणी दिलं.
म्हटलं, इथे काही बोलू नकोस.
पोलीस आले की जे झालं तेवढंच सांग.
हेच मी मलाही सांगत होते बहुतेक,
मोठ्यानं सांगायला तो सापडला.

एकशे बारा लाव. भावाला नंतर, नवऱ्याला त्यानंतर.
मी उलटं केलं.
ह्यांनी पहिलं विचारलं, "रेडिएटर गेला का?"
मग थांबले, मग म्हणाले, "तू?"
तो मधला थांबा किती सेकंदांचा, मी मोजलेला नाही.

हवालदार तडवींनी कोरा कागद पुढे केला.
"सही करा ताई, मी भरतो मागून. ऊन फार आहे."
मी म्हटलं, भरा, मी थांबते.
ऊन फारच होतं. ते भरत होते. मी थांबले.
वाचलं. एका जागी "भरधाव" लिहिलं होतं, ते खोडायला लावलं.
मग पूर्ण नाव, वळणदार.

काही दुखत नसलं तरी सरकारी दवाखान्यात जा, नोंद कर.
मान तिसऱ्या दिवशी बोलते.
माझी तर अजून बोलते, उलट्या गाडीत मागे बघताना.
विमा कंपनीला त्याच दिवशी कळव.
आणि भररस्त्यात कुणी "पाच हजारांत मिटवून टाकू" म्हणालं
तर हो नको म्हणू, नाही नको म्हणू,
नाव-नंबर लिहून घे.

बाकीचे फोटो पुसले मी. माशीच्या घराचा ठेवलाय.
का, ते विचारू नकोस.

घे किल्ली. आरसे लाव.
पाण्याच्या बाटल्या दोन ठेव.